हे नाव कुणाचं? आठवडी बाजारातल्या एका गोंदणाचं प्रकरण

या प्रकरणातल्या आजींचं नाव या लेखात कुठेही येणार नाही. ते त्यांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, ठसठशीत गोंदलेलं आहे. बाजारात भाजी घ्यायला येणाऱ्या कुणालाही ते वाचता येतं, तरीही इथे छापता येत नाही. असं का, हे कळायला सगळी हकीकतच सांगावी लागेल. गाव, बाजाराचा वार आणि आजी विकतात ती भाजी मुद्दाम बदलली आहे. माणदेश तेवढा खरा ठेवला आहे, कारण दुष्काळाशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक काम दिलं होतं. ज्यांच्या अंगावर गोंदण किंवा टॅटू दिसेल अशा अनोळखी माणसांना त्यामागची गोष्ट विचारायची, ते हो म्हणाले तर फोनवर आवाज टिपून घ्यायचा आणि शेवटी महाविद्यालयात एक छोटं प्रदर्शन मांडायचं. मार्गदर्शक म्हणून मी बरोबर होते. प्रश्नावली मुलांनीच बनवली होती आणि तिच्यात पहिलेच दोन प्रश्न असे: तुम्ही हे का काढलंत? याचा अर्थ काय?

बाजार आणि एसटी स्टँड मिळून पहिल्या फेरीत बऱ्याच बायकांशी बोलणं झालं आणि सगळ्यांची उत्तरं जवळपास एकच निघाली. "चाल हाय." "समद्याच काढायच्या." "मेल्यावर दागिनं हितंच ऱ्हात्यात, ह्येवढंच संगं येतंय." हे शेवटचं वाक्य मुलांनी इतक्या वेळा ऐकलं की एकाने वहीत त्याच्यासाठी खूणच ठरवून टाकली. मुलांना वाटलं बायका टाळताहेत, सांगायला लाजताहेत. मला तसं वाटत नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला आजीने मांडीत दाबून धरलं आणि कपाळावर सुया टोचवून घेतल्या, तर त्या पोरीला साठ वर्षांनी "तुम्ही का काढलंत" असं विचारून काय हाती लागणार? 'का' हा प्रश्न निवड केलेल्या माणसाला विचारायचा असतो. तिने काही निवडलंच नव्हतं. मग ती समाजाने तिच्या हाती दिलेलं उत्तर परत करते, आणि ते खोटंही नसतं.

पुढच्या बाजाराला प्रश्न बदलले. कुणी काढलं? कुठे बसवलं होतं? धरलं कुणी होतं? पैसे कुणी दिले? त्या दिवशी पुढे काय झालं? बदल एवढाच होता, पण बायका बोलायला लागल्या. गोंदणारीण दारोदार यायची, मोबदल्यात सुपातून जोंधळे न्यायची, सुया एकत्र बांधून काजळीत बुडवायची आणि पोरीने ओरडू नये म्हणून गाणं म्हणायची, ही माहिती पहिल्या फेरीत एकीनेही दिली नव्हती. एका बाईंना तर गाण्याची चाल आठवत होती, शब्द विसरले होते; त्यांनी नुसतं गुणगुणून दाखवलं. कपाळावरची चंद्रकोर, हनुवटीवरचं टिंब, हातावरची तुळस, एखादीच्या पोटरीवर विंचू, ही सगळी चित्रं आम्ही फोटोंत टिपलीच होती. त्यांच्या मागचं घर, ओसरी, धरणारे हात आणि सुजलेलं कपाळ आता कळायला लागलं.

आजी याच फेरीत भेटल्या. वय पंचाहत्तरीच्या आसपास. पुढ्यात पोत्यावर मेथीच्या जुड्या, शेजारी सून लसूण घेऊन बसलेली. विचारायला गेलेली मुलगी हुशार होती. तिने आधी भाजी घेतली, मग खाली उकिडवी बसली आणि गिऱ्हाईक आलं की बोलणं आपणहून थांबवत राहिली. बाजारात बसलेल्या माणसाचा वेळ म्हणजे त्याची त्या दिवसाची कमाई. हे न ओळखता उभ्यानेच फोन पुढे करणाऱ्यांना एका वाक्याच्या पुढे काही मिळत नाही. मुलग्यांना आम्ही मुद्दाम मागे ठेवलं होतं. म्हाताऱ्या बाईचा हात हातात घेऊन बघायला मुलगी "आजी, बघू का?" म्हणू शकते, मुलाने तसं करणं त्या बाजारात बरं दिसत नाही.

कपाळावर आणि हनुवटीवर टिंबं होती, ती हाताने गोंदलेली, कडा पसरलेल्या. हातावरचं नाव मात्र वेगळं होतं, रेषा एकसारख्या आणि बारीक. ते यंत्राचं काम होतं. जत्रेत बॅटरीच्या पेटीवर चालणारं गोंदणाचं यंत्र अनेकांनी पाहिलं असेल. त्याचा पूर्वज म्हणजे एडिसनचं 1876 सालचं विजेवर चालणारं पेन, कागदाला बारीक भोकं पाडून प्रती काढण्यासाठी बनवलेलं. त्याच धर्तीवर न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली याने 1891 मध्ये गोंदणयंत्राचं पेटंट घेतलं. कचेरीतल्या नकला काढण्याच्या यंत्राचा वंशज शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेत पोरींच्या हातावर नावं काढत बसला होता, याची मला अजूनही गंमत वाटते.

नाव फुलाचं होतं. त्याखाली एका गावाचं नाव. मुलीने विचारलं, "आजी, हे नाव कुणाचं?"

"कुणाचं म्हंजी? माजंच हाय की."

सून चमकली. थोड्या वेळापूर्वीच तिने सासूचं नाव सांगितलं होतं आणि ते वेगळं होतं. तीस वर्षांहून जास्त ती या घरात होती आणि हातावरचं नाव सासूच्या वारलेल्या बहिणीचं असावं, असं धरून चालली होती. कधी विचारलं नव्हतं. सासूनेही कधी सांगितलं नव्हतं, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं.

मराठी वाचकाला यापुढचं समजावून सांगायला नको. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, आणि त्या संध्याकाळपासून सासरच्या गावात मुलीचं जुनं नाव कुणाच्या तोंडी येत नाही. माहेरी जाईल तेवढ्या दिवसांपुरतं ते जिवंत होतं. आईवडील गेले, भाऊ गेले की तेही थांबतं. आजींना त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही.

नाव काढलं वडिलांनी, म्हणजे काढवून घेतलं. आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या असतील. यात्रेत कावडी मुंगी घाटातून वर चढतात तेव्हा जी गर्दी होते, तिच्यात आदल्या साली त्यांच्याच भावकीतलं एक पोर हरवलं होतं. वडिलांचं म्हणणं आजींनी असं सांगितलं: "तुला वाचता येत न्हाय, मला येत न्हाय. पर ज्येला येतंय त्यो वाचंल अन् घरी आणून सोडंल." यंत्रवाला अक्षरावर पैसे घ्यायचा. मुलीचं नाव झालं, गावाचं झालं, मध्ये बापाचं नाव घालायचं होतं, तेवढे पैसे उरले नाहीत.

"मग कधी हरवलात का आजी?"

"न्हाय. येकदाबी न्हाय." आणि त्या हसल्या. एवढे पैसे वाया गेल्यासारखं हसल्या.

खरं तर ते वाया गेले नव्हते. 1972 च्या दुष्काळात आजी लग्न होऊन, पदरात पोर घेऊन, सरकारी कामावर खडी फोडायला गेल्या. मस्टरवर नाव घालताना कारकुनाने नाव विचारलं. नव्या नावाने स्वतःची ओळख चारचौघांत सांगायची त्यांना तोवर फारशी वेळ आली नव्हती. त्या अडखळल्या. कारकुनाने हाताकडे पाहिलं, वाचलं आणि तेच मस्टरवर घातलं. त्यापुढे त्या कामावर मजुरी मिळाली ती माहेरच्या नावाने, सुकडीही त्याच नावाने. मुकादम सकाळी हजेरीला ते नाव पुकारायचा. "सासरच्या शिवेत माजं खरं नाव मोठ्यांदा त्या मुकादमानंच घेतलं," असं आजी म्हणाल्या. सासऱ्यांना हे समजलं तेव्हा कटकट झाली. पण पैसे येत होते, म्हणून नाव राहिलं.

ध्वनिमुद्रणाचा हा तुकडा मी मुलांना वर्गात पुन्हा ऐकवला. गोंदणाचा 'अर्थ' शोधत बसलं की आपण तुळस म्हणजे काय, चंद्रकोर म्हणजे काय अशी कोष्टकं करतो, आणि तीच कोष्टकं वर्षानुवर्षं एकमेकांची उसनी घेऊन छापली जातात. या आजींच्या हातावरच्या नावाला असा काही अर्थ नव्हता. त्याला उपयोग होता. एकदा फसलेला, एकदा भलत्याच ठिकाणी साधलेला.

इथवर प्रकरण गोड आहे, आणि प्रदर्शनात एवढंच लावलं असतं तर लोकांना आवडलंही असतं.

मध्ये थोडं थांबून दुसऱ्या एका गोष्टीकडे जाते, कारण वर्गात याच टप्प्यावर वाद झाला. एका मुलाचं म्हणणं होतं की अंगावर उघडं दिसतं त्याबद्दल विचारण्यात गैर काय. ज्याला दाखवायचं नाही तो झाकेल. मी त्यांना अमृतसरचं प्रकरण सांगितलं. 1993 च्या डिसेंबरात तिथल्या पोलिसांनी सांसी जमातीच्या चार बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी', म्हणजे खिसेकापू, असं गोंदवलं. संबंधित पोलिसांना सीबीआयच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं ते 2016 साली. ही कल्पना काही त्या पोलिसांच्या डोक्यातून नव्याने निघाली नव्हती. बंगालमध्ये कंपनी सरकारच्या 1797 च्या कायद्यानुसार जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जात असे. ती शिक्षा 1849 मध्ये बंद झाली. आणि सांसींवर तर 1871 च्या कायद्याने जमातच्या जमात गुन्हेगार ठरवल्याचा शिक्का आधीच होता, आपल्याकडच्या पारधी आणि कैकाड्यांवर बसला तसाच. अशा बाईला स्टँडवर गाठून कुणी हसऱ्या चेहऱ्याने "यामागची गोष्ट काय?" विचारलं तर? कपाळ उघडं असतं म्हणून ते सगळ्यांचं होत नाही. वाद तिथे मिटला असं नाही, पण त्या मुलाने प्रश्नावलीच्या वर एक ओळ स्वतःहून घातली: "सांगायचं नसेल तर काही हरकत नाही."

ती ओळ कामी आली ती म्हाताऱ्या बायकांपेक्षा तरण्या पोरांशी बोलताना. पोरांचं उलट असतं. त्रिशूळ, 'आई', शिवमुद्रा, काहीही असो, 'का' चं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं आणि ते भडाभडा सांगतात. अडतात ते 'कधी' आणि 'कुठे' वर. माणदेशातली निम्मी पोरं भरतीच्या तयारीत असतात, आणि सैन्याच्या नियमात कायमचं गोंदण चालतं ते कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पाठीवर. इतरत्र असलं की उमेदवार बाद. परंपरेनुसार गोंदणाऱ्या आदिवासी जमातींना त्यात सवलत आहे. दंडावर मोठं चित्र असलेल्या एका मुलाने सगळी गोष्ट खुशीत सांगितली आणि शेवटी विचारलं, "मॅडम, हे कुठं येणार नाही ना?" तो ते लेसरने घालवायच्या विचारात होता. त्याचं ध्वनिमुद्रण तिथल्या तिथे पुसलं.

आता आजींकडे परत. बाजारातल्या त्या बोलण्याच्या शेवटी, मुलगी उठायच्या बेतात असताना, आजींनी आपणहून आणखी एक प्रसंग सांगितला. मला वाटतं गोंदणाची खरी गोष्ट तिथे सुरू होते.

वडिलांच्या नावावर थोडी जमीन होती. ते गेल्यावर वारस नोंद लागली तेव्हा सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावं चढली, आजींचं अर्थातच माहेरचं. पुढे कितीतरी वर्षांनी भावाची मुलं गाडी घेऊन आली. हक्कसोड पत्रावर सही हवी होती. हे महाराष्ट्रात घरोघरी चालतं. बहीण हक्क सोडते, त्या बदल्यात माहेरचं दार, दिवाळीची साडी आणि लेकीच्या लग्नात मामाची हजेरी शाबूत राहते. कायद्याने 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते आणखी स्पष्ट केलं. पण हक्क पक्का झाला तसा तो सोडून देण्यासाठीचा आग्रहही वाढला, असं आमच्या भागात तरी दिसतं.

निबंधक कचेरीत अडचण आली. सातबाऱ्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरं. ही बाई तीच कशावरून? आजींनी बाही मागे सारून हात पुढे केला. "म्हनलं, वाच. नाव बी हाय, गाव बी हाय. बानं लिवून ठेवलंय." कचेरीतले लोक हसले. हाताचा उपयोग झाला नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून आणावं लागलं, त्यावर आजींचा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या. मग हक्क सुटला. हरवलेली मुलगी घरी परत यावी म्हणून बापाने जे नाव काढवलं, ते दाखवून मुलीने त्या घरातला आपला वाटा सोडला. हे मी म्हणते आहे; आजी असं काही म्हणाल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या की परतताना गाडीत भाच्याने त्यांना थंड पेय पाजलं.

मुलगी हे सगळं टिपून घेऊन आली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. प्रदर्शनाचा मधला फलक हाच, हे तिथल्या तिथे ठरलं. हाताचा मोठा फोटो, खाली ही गोष्ट.

फोटोला अडवलं नातीने. ती तालुक्याला शिकते. आजी कुणाशी तरी हातावरच्या नावाबद्दल बोलली हे तिला आईकडून कळलं आणि तिने महाविद्यालयात येऊन आम्हाला गाठलं. बोलली सरळ: आजीच्या एका बहिणीने सही दिलेली नाही, वाटणीचा दावा चालू आहे. हातावर नाव आणि गाव दोन्ही आहे. फोटो लागला की बाई कोण हे पंचक्रोशीत प्रत्येकाला कळणार, आणि खाली "भावाची पोरं गाडी घेऊन आली" असं छापलं की ते कुणीतरी वकिलाकडे नेणार. कुठल्या बाजूने वापरलं जाईल ते आजीच्या हातात राहणार नाही.

आजींचं म्हणणं नेमकं उलट होतं. त्यांना नाव छापून यायला हवं होतं. "लिवा की. तेवढंच तर माजं हाय."

मुलं आजींच्या बाजूला होती. ज्या बाईचं नाव एकदा पुसलं गेलं तिचं आपण पुन्हा पुसायचं का, असा त्यांचा सवाल, आणि तो चुकीचा नव्हता. संमती घेताना आपण ज्याच्या अंगावर गोंदण आहे त्याला विचारतो, आणि आजी तर पूर्ण शुद्धीत, पूर्ण खुशीत हो म्हणत होत्या. पण त्या हो म्हणत होत्या ते नावाला. दाव्यात त्या नावाचं काय होऊ शकतं याचा अंदाज नातीला होता, आजींना नव्हता. शिवाय गोष्टीत भाऊ होते, भाचे होते, सही न दिलेली बहीण होती, आणि यांतलं कुणीही बाजारात मेथी विकत बसलेलं नव्हतं. मी नातीच्या बाजूने कौल दिला. तो सगळ्यांना पटला असं म्हणवत नाही.

ठरलं ते असं. नावाचा फोटो लावायचा नाही, आमच्या संग्रहातही ठेवायचा नाही. मूळ फोटो नातीच्या फोनवर पाठवून आमच्याकडचा पुसला. ध्वनिमुद्रणातला यात्रेचा आणि मस्टरचा भाग, नाव-गाव गाळून, प्रदर्शनात ऐकवायचा. कचेरीचा भाग बंद ठेवायचा, दावा संपेपर्यंत. प्रदर्शनात फलकावर आजींच्या हनुवटीवरच्या टिंबाचा फोटो लागला, जो फारसा कुणी थांबून पाहिला नाही.

मग कचेरीची गोष्ट या लेखात कशी? लेख छापण्याआधी मी तो आजींच्या घरी जाऊन वाचून दाखवला. नात आणि सून दोघी होत्या. नातीने गावाचा आणि भाजीचा बदल सुचवला. ओळखता येण्यासारख्या आणखी दोन गोष्टी तिने गाळायला लावल्या आणि मग हरकत नाही म्हणाली. आजींनी मस्टरचा भाग पुन्हा वाचायला लावला. सासऱ्यांच्या कटकटीवर सुनेकडे बघून मान हलवली. पुढे भाच्यांबद्दल मी एक कडक वाक्य लिहिलं होतं, तिथे त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते काढा. पोरं वाईट न्हाईत. दिवाळीला येत्यात."

ते वाक्य काढलं.